फरशीखालची ऊब आणि फरशीखालची वायर

निमगाव केतकीच्या बचत गटातल्या आम्ही बाया आज तुमच्याशी फरशीबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून तुम्ही म्हणाल, फरशीत बोलण्यासारखं काय आहे? ती पुसायची आणि त्यावर चालायचं. पण फरशीच्या खाली काय गाडलंय, हा प्रश्न घरातल्या माणसांच्या जिवाशी जोडलेला असतो. म्हणून जरा निवांत ऐका. कागद-पेन्सिल जवळ असली तर उत्तमच.

प्रश्न आमच्यापुढे आला तो असा. आता आपल्या भागातल्या पोरी-सुना, भाचे-पुतणे अमेरिका, कॅनडा, इंग्लंड अशा देशांत राहतात. फोनवर दिसतात, बोलतात. त्यांच्याकडून कळतं की तिकडं बाथरूमची फरशी गरम असते. बाहेर बर्फ पडत असला तरी अनवाणी पायाला ऊब लागते. फरशीच्या खाली विजेची केबल पुरलेली असते म्हणे. हे ऐकलं की आपल्या मनात येतं, डिसेंबर-जानेवारीत पहाटे सासूबाईंचे पाय आखडतात, गुडघे धरतात, फरशीवर पाय ठेवला की त्या कळवळतात. मग त्यांच्या खोलीत असं काही करता येईल का? गटातून कर्ज काढून केलं तर परवडेल का? आणि मुख्य म्हणजे, फरशीखाली वीज ठेवणं बरं आहे का?

तर आधी ते तिकडं कसं करतात ते समजून घेऊ.

फरशीखालून ऊब देण्याची कल्पना फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक स्नानगृहाची जमीन छोट्या खांबांवर उचलून धरायचे आणि खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा फिरवायचे. कोरियात चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेऊन घर ऊबदार ठेवायची रीत आहे, तिला ओंडोल म्हणतात. आपल्या देशात काश्मीरमध्ये मशिदींत आणि काही घरांत हमाम असतो. दगडी फरशीखाली पोकळी, पोकळीत लाकडं पेटवायची, वर बसायला ऊब आणि जोडीला गरम पाणी. आता विजेच्या काळात लाकडाची जागा केबलनं घेतली, एवढाच फरक.

ही केबल जाडीला फार नसते. पातळ जातीची तर तीन-चार मिलिमीटरच असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते, जसा आपल्या शेगडीचा कॉइल तापतो, पण अगदी मंद. एका चौरस मीटरला साधारण १०० ते १५० वॅट. फरशी २७ ते २९ अंशांच्या आसपास राहील एवढीच ऊब ठेवतात. पायाला चटका बसता कामा नये.

बसवायची पद्धत ऐका, कारण यातलं निम्मं आपल्या साध्या घरालाही लागू आहे.

पहिलं, खालची जमीन झाडून, सारखी करून घेतात. तिच्यावर उष्णता खाली जाऊ न देणारे पातळ पत्रे, म्हणजे फोमचे सिमेंट लावलेले बोर्ड, बसवतात. ते नसले तर अर्धी ऊब जमिनीच्या पोटातच जिरते.

दुसरं, केबल नागमोडी अंथरतात, शेवग्याची शेंग गोल गोल ठेवावी तशी नाही, तर शेतात पाभर फिरते तशा सारख्या अंतराच्या ओळींत. दोन ओळींत साधारण तीन इंच. एक ओळ दुसरीवर कधी चढवायची नाही. ऊब देणारी केबल लांब झाली म्हणून कापायची नाही. कापली तर तिचा हिशेब बिघडतो आणि ती जास्त तापते. कपाटाखाली, संडासाच्या भांड्याखाली ती न्यायची नाही, कारण तिथं उष्णता कोंडते.

तिसरं, तपासणी. हे नीट ऐका. केबल खोक्यातून काढली की मीटरनं तिचा रोध मोजतात आणि कागदावर लिहितात. अंथरून झाली की पुन्हा मोजतात. फरशी बसली की तिसऱ्यांदा मोजतात. तिन्ही आकडे कंपनीनं दिलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत. शिवाय मेगर नावाच्या यंत्रानं आवरण फुटलंय का ते बघतात. काही कारागीर काम चालू असताना एक छोटं यंत्र जोडून ठेवतात. थापी लागून केबल तुटली की ते ओरडतं, म्हणजे चूक मसाला ओला असतानाच सापडते.

चौथं, मसाला. केबल मसाल्यात पूर्ण बुडाली पाहिजे. कुठं हवेची पोकळी राहिली तर तेवढी जागा उष्णता पुढं देत नाही, केबल तिथं जास्त तापते आणि जळते. थापी लागून केबल तुटू नये म्हणून लोखंडी थापी टाळून प्लास्टिकची वापरतात. तापमान ओळखणारी एक बारीक वायर दोन ओळींच्या मधोमध नळीत घालून ठेवतात. नळीत यासाठी की ती बिघडली तर फरशी न फोडता ओढून बदलता यावी.

पाचवं, झाकण्याआधी फोटो काढतात. भिंतीपासून किती इंचावर केबल आहे ते फोटोत टेप धरून दाखवतात. पुढं कुणी नळासाठी भोक पाडलं तर हाच फोटो वाचवतो.

सहावं, वाट बघणं. मसाला पुरता पक्का होईपर्यंत वीज चालू करत नाहीत. जाड सिमेंट-वाळूच्या थराला २८ दिवससुद्धा थांबतात. ओला मसाला लवकर वाळावा म्हणून केबल तापवली तर मसाल्याला तडे जातात.

आणि सातवं, केबलच्या भोवती धातूची जाळी असते, ती अर्थिंगला जोडतात. जोडीला वीज गळाली की झटक्यात बंद करणारं यंत्र लावतात. अमेरिकेत तर बाथरूमच्या गरम फरशीला असं यंत्र लावणं नियमानंच बंधनकारक आहे.

आता आपल्या घराचा हिशेब करू. दहा बाय दहाची खोली म्हणजे सुमारे ९ चौरस मीटर. खाट, कपाट सोडून ६ चौरस मीटरवर केबल टाकली. १५० वॅटच्या हिशेबानं झाले ९०० वॅट. फरशी लगेच तापत नाही. आधी मसाला तापतो, मग फरशी, त्याला वेळ जातो. रोज ५ तास धरले तर साडेचार युनिट, महिन्याला १३५. ठरलेलं तापमान आलं की केबल मधून मधून बंद होते हे खरं, पण आपल्या घरात फरशीखाली ऊब अडवणारा बोर्ड नसतो, दारं-खिडक्यांना फटी असतात. त्यामुळं ती फारशी बंद होईल असं समजू नका. आता महावितरणचं बिल काढा. पहिल्या १०० युनिटांना दर कमी, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त. ज्या घरात महिन्याला ८० युनिट लागतात तिथं ते २१५ वर जाईल. म्हणजे वाढलेली बहुतेक सगळी युनिटं महागड्या टप्प्यात. केबल, बोर्ड, कारागीर आणि चांगली फरशी फोडून पुन्हा बसवणं हा खर्च वेगळाच.

आणि हे सगळं किती दिवसांसाठी? आपला इंदापूर तालुका अवर्षणाचा. खरी थंडी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आपण गार फरशीवर लवंडायला जागा शोधतो. संभाजीनगरला पाणचक्की आहे, तिथं पाण्याच्या हौदाखाली यात्रेकरूंसाठी मोठी खोली केली, ती उन्हाळ्यात गार राहावी म्हणून. आपल्या मुलखातल्या जुन्या माणसांनी डोकं लावलं ते गारव्यासाठी. कॅनडात महिनोन्‌महिने बर्फ असतो, तिथली घरं लाकडी असतात, तिथं ती केबल शोभते. गटातून कर्ज काढून हे करावं असं आम्हाला वाटत नाही. त्याच पैशात काय करता येईल ते पुढं सांगतो.

मग सासूबाईंच्या पायांचं काय? तेही बघू.

फरशी गार का लागते? खोलीतली फरशी, सतरंजी आणि लाकडी पाट यांचं तापमान जवळपास सारखंच असतं. पण फरशी पायातली उष्णता भराभर ओढून घेते, सतरंजी सावकाश ओढते. म्हणून एकीवर पाय पोळल्यासारखा गारठतो आणि दुसरीवर नाही. सारवलेली जमीन फरशीइतकी झोंबत नव्हती त्याचंही कारण हेच. तेव्हा फरशी तापवण्यापेक्षा पाय आणि फरशी यांच्या मध्ये काहीतरी घालणं सोपं. खाटेपासून दारापर्यंत जाड सतरंजी किंवा घोंगडी, खाली गोणपाट. कडा दुमडलेल्या नसाव्यात, नाहीतर पाय अडकून म्हातारं माणूस पडेल आणि थंडीपेक्षा खुबा मोडणं महागात पडेल. न सरकणारी रबरी चटई खाली घातली तर आणखी बरं. पायांत लोकरीचे मोजे आणि खरखरीत तळाची चप्पल. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची सुरळी. दुपारी खिडकी उघडून ऊन आत घ्यायचं, सूर्य कलला की बंद करायची.

तीन गोष्टी मात्र करू नका. एक, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपलेलं माणूस उठतच नाही. दोन, ज्यांना साखरेचा आजार आहे आणि पाय बधिर झालेत, त्यांच्या तळपायाला गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, हीटर लावू नका. त्यांना चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. गरम फरशीसुद्धा अशा माणसाला जपूनच. तीन, पाणी तापवायच्या रॉडचं बटण चालू असताना बादलीत बोट घालून पाणी तापलंय का ते बघू नका. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग हात.

ज्या बायका परसात कोंबड्यांची पिल्लं आणतात, त्यांनी विचारलं की पिल्लांना तरी खालून ऊब द्यावी का. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. पण त्यासाठी वरून टांगलेला साधा पिवळा बल्ब पुरतो, एका पिल्लामागे दोन वॅट धरायचे. खाली भाताच्या तुसाचा थर. एलईडी बल्ब लावाल तर उजेड पडेल, ऊब मिळणार नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना गार लागतंय, लांब पळाली तर जास्त तापलंय, सगळीकडं पसरली तर बरोबर आहे. पिल्लंच सांगतात.

आता येऊ आजच्या मुख्य गोष्टीवर. गरम फरशी आपल्याला नको, पण फरशीखाली वायर मात्र आपल्या कितीतरी घरांत आहे. घरकुल असो की बांधलेला बंगला, फरशी बसवताना कुणीतरी म्हणतं, फ्रिजला इकडं एक पॉइंट हवा, पिठाच्या चक्कीला तिकडं, शेवयांच्या यंत्राला ओट्याजवळ. भिंत फोडायला नको म्हणून वायर फरशीखालून नेतात. घाईत असलं की पाइपही घालत नाहीत, वायर तशीच मसाल्यात दाबतात. तुकडा कमी पडला तर मधेच पीळ देऊन वर काळी टेप लावतात आणि त्यावर फरशी.

आमच्या गटातल्या एका घरात असंच होतं. फरशी पुसताना ओल्या हाताला झिणझिण्या यायच्या. घरातले म्हणायचे, थंडीनं हात बधिर झाला असेल. परवानाधारक वायरमन बोलावून बघितलं तेव्हा कळलं, फरशीखाली टेप लावलेला जोड होता, सांध्यातून पुसण्याचं पाणी मुरत होतं आणि वीज त्या ओलीतून वर येत होती. त्या घरात रांगणारं लेकरू होतं. वेळेत सापडलं म्हणून आज ही गोष्ट नुसती सांगता येते. मैत्रिणींनो, फरशीला, नळाला, फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ते सोडून देऊ नका. मेन बटण बंद करा आणि वायरमन बोलवा.

इथं तिकडच्या गरम फरशीवाल्यांची शिस्त आपण उचलायची. ते मुद्दाम वीज पुरतात म्हणून इतकी काळजी घेतात. आपण वीज पुरतो आणि विसरून जातो.

तर फरशीचं काम निघालं की गवंडी आणि वायरमन दोघांना एकाच वेळी घरी बोलवा आणि ह्या गोष्टी धरून बसा.

होईल तेवढी वायर भिंतीतून, वरून न्या. फरशीखालून न्यायचीच असेल तर आयएसआय शिक्क्याच्या जाड पीव्हीसी पाइपातूनच. फरशीखाली एकही जोड नको. जोड असेल तो भिंतीवरच्या डबीत, जिथं हात पोचतो. न्हाणीघराच्या जमिनीखालून वायर अजिबात नको.

प्रत्येक पॉइंटला तिसरी, हिरवी वायर हवी. ती अर्थिंगची. हिरवी वायर आहे पण ती कुठंच जोडलेली नाही, असंही सापडतं. तेव्हा अर्थिंगचा खड्डा कुठं आहे ते वायरमनला दाखवायला सांगा. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक होते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

पाइप टाकून झाले, वायर ओढली, की झाकण्याआधी मेगर लावून घ्या. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर मसाला टाकू देऊ नका. मग टेप धरून फोटो काढा. फोन हरवतो, म्हणून वहीत साधा नकाशाही काढा, दारापासून किती फूट, भिंतीपासून किती फूट. ती वही रेशनकार्डाजवळ ठेवा.

फरशी बसली की दुसऱ्या दिवशी नाही, मसाला धरल्यावर, काठीनं ठोकून बघा. भरीव आवाज यायला हवा. पोकळ, बद आवाज आला तर खाली मसाला पोचलेला नाही. तिथं पाणी साठतं, फरशी फुटते. पैसे देण्याआधी सांगा, नंतर कुणी येत नाही. आणि नव्या फरशीवर आठवडाभर तरी पाणी मारायला विसरू नका.

शेवटचं आणि सगळ्यात मोलाचं. मीटरजवळ एक यंत्र लावून घ्या, त्याचं नाव आरसीसीबी. त्याच्यावर ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असावं. बायका विचारतात, आमच्याकडं एमसीबी आहे की, मग हे कशाला? फरक सांगतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी १६ च्या पुढं गेलं की पडते. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी, अँपिअरचा छोटासा तुकडा पुरतो. एमसीबीला ते कळतही नाही.

आरसीसीबी काय करते, तर आपल्या गटाची वही जशी जमा आणि खर्च जुळवते, तशी ती एका वायरनं गेलेली वीज दुसऱ्या वायरनं तेवढीच परत आली का ते बघते. जुळलं नाही, म्हणजे मधे कुठंतरी गळाली. फरशीत, नळात किंवा माणसाच्या अंगातून. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. तिच्यावर एक छोटं बटण असतं, टेस्ट असं लिहिलेलं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर यंत्र बदलायचं. आणि एक लक्षात ठेवा, ती सारखी पडायला लागली म्हणून कुणी म्हणालं, काढून टाकू, थेट जोडू, तर ऐकू नका. ती पडते म्हणजे घरात कुठंतरी गळती आहे आणि ती तुम्हाला सांगते आहे.

अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. अर्थिंग नीट असेल तर फ्रिजचा पत्रा जिवंत झाल्याबरोबर यंत्र पडतं. नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत ते थांबतं. म्हणून दोन्ही हवं.

आषाढीला तुकोबारायांची पालखी आपल्या गावात मुक्कामाला येते. तेव्हा दारोदारी तात्पुरते दिवे, पंखे, पाण्याच्या मोटारी लागतात. पावसानं अंगण ओलं, जमिनीवर लोळणाऱ्या वायरी, त्यावरून चालणारे वारकऱ्यांचे अनवाणी पाय. तेव्हाही हाच नियम. जोड वर टांगलेला, वायर पायाखाली नाही आणि जोडणी आरसीसीबीच्या मागूनच.

गटाचं कर्ज काढायचंच असेल तर ते यासाठी काढा. अर्थिंग, आरसीसीबी, पाइप आणि वायरमनची मजुरी यांचा खर्च गरम फरशीपेक्षा कितीतरी कमी आहे आणि तो वर्षाचे बारा महिने कामाला येतो. पाच-सहा घरांनी मिळून एकच वायरमन ठरवला तर मजुरीही वाटून जाते.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीनं तीन गोष्टींची उत्तरं आणायची. माझ्या घरात आरसीसीबी आहे का? तिचं टेस्ट बटण दाबल्यावर खटका पडतो का? आणि अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? सचिवताईंनी ती उत्तरं बैठकीच्या वहीत नावापुढं लिहून घ्यावीत. जिच्या घरात नाही, तिच्यापासून कामाला सुरुवात करू. ज्या घरात रांगतं लेकरू किंवा म्हातारं माणूस आहे, ते घर पहिलं.